ती ‘नकली रायफल’ नाही हो!

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युद्धातल्या जुन्या वस्तूंच्या लिलावावर लेख आला, छान होता, पदकांचा भाग तर दोनदा वाचला. पण एका फोटोखाली ‘महायुद्धातली नकली रायफल’ असं छापलंय ते काही पटलं नाही. ती दुसऱ्या महायुद्धात गोळी न उडवता नेम शिकवायला काढलेली स्विफ्ट ट्रेनिंग रायफल आहे, नकली कसली, आणि तुमच्या फोटोत तर तिचा अर्धाच भाग आलाय.

ही निघाली का ते आधी सांगतो. १४ मे १९४० ला ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडननी जर्मन हल्ला झाला तर घरचं रक्षण करायला म्हणून रेडिओवरून १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना बोलावलं, आणि जुलै संपेपर्यंत दहा लाखांच्या वर लोकांनी नावं दिली, तेच पुढे होम गार्ड. माणसं झाली हो, पण हातात द्यायचं काय? फ्रान्समधल्या डंकर्कवरून फौज जीव वाचवून परत आली ती बरीचशी युद्धसामग्री तिकडेच टाकून, त्यामुळे आधी जी ती रायफल लष्कराला. मग अमेरिकेकडून पहिल्या महायुद्धातल्या रायफली आणल्या, तर त्यांची गोळी .३० इंची आणि ब्रिटिश गोळी .३०३ इंची, एकाची दुसऱ्यात घातली तर पंचाईत, म्हणून त्या रायफलींवर लाल रंगाचा पट्टा ओढून ठेवायचे. अशा दिवसांत नवशिक्यांनी सरावाला गोळ्या उडवायच्या म्हणजे चैनच की.

त्यातून १९४१ च्या सुमाराला ही स्विफ्ट आली. वजनाला, लांबीला खऱ्या रायफलसारखीच, बोल्टही ओढायचा, पण गोळी नाहीच. नळीसमोर एक फ्रेम, फ्रेममध्ये छोट्या टार्गेटचं कार्ड, ट्रिगर दाबला की नळीच्या टोकाकडून सुया सटकन पुढे येतात आणि कार्डाला भोक पाडून परत आत. नेम कुठे लागला ते तिथल्या तिथे दिसतं, रेंज नको की काही नको, शाळेच्या हॉलमध्येसुद्धा चालतं. होम गार्डबरोबर रॉयल एअर फोर्सनेही ती वापरली.

मुलगा इंग्लंडला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या एका जुन्या सामानाच्या बाजारात एक फ्रेमसकट बघायला मिळाली, आणि दुकानदार म्हातारा मोठा हौशी, म्हणाला हातात घेऊन बघा. मी आपली सैलसर धरली आणि ट्रिगर दाबला तर काहीच नाही. परत दाबला, ढिम्म. म्हातारा हसला आणि त्यानं दस्ता माझ्या खांद्यात गच्च ओढून दिला, मग कुठे टक झालं! दस्त्याच्या पट्टीमागे स्प्रिंग आहे, खांद्याशी नीट आवळली नाही तर ती उडतच नाही. म्हणजे उस्तादानं ओरडायची गरजच नाही, रायफलच सांगते की धरलीस ती चुकीची.

मी बरीच वर्षं शाळेत एनसीसी बघितली. .२२ च्या गोळ्या मोजून मिळायच्या, त्यामुळे रेंजवर जायच्या आधी पोरांना ‘शिस्त ले’ (म्हणजे नेम धर) करून गोळीशिवाय कोरडा सराव, नळीवर नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर दाबायचा. नाणं पडलं तर हिसका दिला एवढं कळतं, पण नेम कुठे गेला असता ते कळत नाही. स्विफ्टच्या कार्डावर ते कळतं. भोकं वरखाली रांगेत आली तर पोरगं श्वास रोखत नाहीये, एका बाजूला खाली घसरली तर ट्रिगर ओढतंय, सगळीकडे विखुरली तर पकडच धड नाही. आता सिम्युलेटर सिम्युलेटर म्हणून जे लाखांत घेतात त्यातली निम्मी अक्कल या लाकडात आणि स्प्रिंगमध्ये आहे असं माझं स्पष्ट मत आहे. धक्का आणि आवाज मात्र ही शिकवू शकत नाही, खरी गोळी झाडताना पोरगं डोळे मिटतं ते मिटतंच, त्याला रेंजवरच जायला लागतं.

आता मुद्द्याचं. संग्राहक लोक रायफल उचलतात, पॉलिश मारून भिंतीवर टांगतात, आणि फ्रेम व कार्डं कुठे जातात देव जाणे. कागद तो, भोकं पडली की फेकायचाच असं तेव्हाही होतं, म्हणून तर कार्डं कमी उरलीत. पण फ्रेमशिवाय स्विफ्ट म्हणजे नुसतं वजनदार लाकूड, नेम शिकवणारा भाग तोच. विकत घेणाऱ्यानं आधी फ्रेम आहे का विचारावं, मग सुया वाकल्यात का आणि दस्त्याची स्प्रिंग दाबते का ते बघावं, चकचकीत पॉलिश शेवटी. आणि परदेशातून बॅगेत घालून आणायचं तर डोक्यातून काढून टाका, कस्टमवाल्याला सुई दाखवत बसाल.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा फ्रेम आणि कार्डासकट मिळवून छापा. आणि आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या स्टोअरमध्ये नेम शिकवायचे जुने स्टँड, आयडिस्क (उस्तादानं डोळ्याशी धरून पोराचा नेम तपासायची चकती), टार्गेटचे लाकडी बोर्ड पडलेले असतील तर कंडेम करून भंगारात घालायच्या आधी निदान फोटो काढून ठेवा, सोबत वापरलेलं टार्गेट असेल तर तेही, आणि ते छापायला तुमच्या पुरवणीत कोपरा मिळाला तर बघा.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा