फर्म्याचा हिशेब शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

फोनवर आभाराचा विषय निघाला की तुम्ही “बरं बरं, ठेव आता” म्हणता, म्हणून लिहूनच पाठवतेय. आणि चारचौघांत लिहितेय, कारण पत्रकारिता शिकून मासिकात किंवा प्रकाशनात शिरू पाहणाऱ्या पुष्कळांना तुमच्यासारखं कुणी भेटतंच असं नाही.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मासिकांचा इतिहास आम्ही मन लावून शिकलो. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, १९२० साली किर्लोस्करवाडीत ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली, १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली. तुमच्याकडे दिवाळी अंकाच्या कामाला आले तेव्हा हे सगळं मी उत्साहानं सांगत सुटले होते. तुम्ही चष्म्यावरून बघत एवढंच विचारलंत, “कागदाचे पैसे कोण देत होतं?” किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना मला ठाऊक होता, पण मासिकाचा इतिहास लिहिताना त्याचाही हिशेब मांडायचा असतो, हे तोवर डोक्यात आलं नव्हतं.

मग तुम्ही एक कोरा कागद घेऊन त्याला तीन घड्या घातल्यात. न कापताच पेन्सिलीनं पानापानावर १ ते १६ आकडे टाकलेत आणि कागद उलगडून माझ्यापुढे ठेवलात. एकाशेजारी सोळा, चाराशेजारी तेरा, निम्मे आकडे डोक्यावर उभे. पाठीच्या घडीवर अशा जोडलेल्या कुठल्याही दोन पानांची बेरीज करा, सतराच! सोळा पानी फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घालायची सोळा पानं, मला त्या कागदावर कळला. जाहिराती शेवटच्या आठवड्यापर्यंत येत राहतात, पानं वाढतात. पण दोन पानं वाढली म्हणून दोन पानांचा फर्मा कुणी छापून देत नाही. मग कुणाची तरी कथा आखडते, नाहीतर ‘जागा झाली तर’ म्हणून फाइलमध्ये ताटकळणाऱ्या एखाद्या कवितेचं नशीब उघडतं. संपादकीय धोरण म्हणतात त्यातलं निम्मं इथंच ठरतं, असं माझं आता पक्कं मत झालंय. (हे तुमच्या संपादकांना सांगू नका.)

प्रूफं वाचायलाही तुमच्याकडेच शिकले. लेखक जुन्या फॉन्टमध्ये मजकूर पाठवतात, तो युनिकोडमध्ये आणताना रफार उडतात, ‘ऱ्या’ मोडतो. म्हणून पहिल्या वाचनात तेवढंच शोधायचं. गोष्ट कितीही रंगली तरी गोष्टीत शिरायचं नाही. ‘मंत्रीमंडळ’ दिसलं की री ऱ्हस्व. अनुक्रमणिकेतलं पान आणि आतलं पान जुळतंय का, हे सगळ्यात शेवटी बघायचं, आणि ज्यानं अंक लावलाय त्यानं नाही, दुसऱ्यानं.

पण ताई, हे कधी ना कधी कुठल्यातरी छापखान्यात शिकलेच असते. पैशाचं मात्र तुमच्याइतकं स्वच्छ कुणी बोललं नसतं. तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी बरेच महिने मजकूर तपासून दिला होता. ‘अनुभव मिळतोय ना’ हेच मानधन. तुम्ही पहिल्याच दिवशी पानाला किती आणि पैसे कधी, हे चिठ्ठीवर लिहून दिलंत. अंक निघाला तेव्हा श्रेयनामावलीत मुद्रितशोधनापुढे तुमच्या नावाखाली माझं नाव होतं. मराठी मासिक चालवणं म्हणजे व्रत, असं कुणी म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी पडते. “व्रताला कागदवाला उधारी देतो का?” हा तुमचा प्रश्न मी वर्गात जाऊन विचारला, तेव्हा तासभर वाद झाला आणि कुणीच हरलं नाही.

परवा एका प्रकाशनसंस्थेत मुलाखत झाली. १७६ पानांचं पुस्तक १८४ वर गेलं तर काय कराल, असा प्रश्न होता. अकरा फर्मे पूर्ण होतात, वर आठ पानांचा अर्धा फर्मा घ्यायचा की मजकूर तेवढा आवळायचा हे कागदाचा भाव आणि पुस्तकाची किंमत बघून ठरवेन, म्हणाले. पुढचा प्रश्न आवडत्या लेखकाचा होता, तिथं मी जरा जास्तच बोलले. शेवटी पगाराचा आकडा मीच विचारला, आवाज न चाचरता. साहाय्यक संपादक म्हणून पुढच्या महिन्यात रुजू होतेय.

यंदाच्या अंकाला तुम्हाला दोन मुलं हवी आहेत ना? खालच्या वर्गातल्या दोघींना पाठवतेय. एकीचं शुद्धलेखन फार चांगलं आहे, दुसरी प्रश्न फार विचारते. पानाला किती, हे आधी विचारून घ्या, असं दोघींनाही बजावलंय.

तुमची,
गेल्या वर्षीची मदतनीस