शाळेतल्या लसीकरणाला आणखी हात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात ३१ वर्षं आरोग्यसेविका म्हणून काम करून मी २०२३ मध्ये निवृत्त झाले. शाळांमधल्या लसीकरणाबद्दल एक मागणी बरीच वर्षं मनात आहे. नोकरीत असताना ती फक्त मासिक सभेत मांडता यायची, म्हणून आज आपल्या दैनिकाकडे लिहिते आहे. शाळेत लस टोचण्याचं काम एकट्या सिस्टरवर, म्हणजे आरोग्यसेविकेवर, ठेवू नका. समुदाय आरोग्य अधिकारी, शालेय तपासणी पथकातले डॉक्टर, औषधनिर्माण अधिकारी आणि आरोग्यसेवक यांना रीतसर प्रशिक्षण द्या आणि त्यांनाही टोचू द्या.

आमच्याकडे डोंगरी, आदिवासी भाग म्हणून ३००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आहे. पण त्या ३००० माणसांच्या वाड्या अशा विखुरलेल्या की एका दिवसात दोनच होतात. गावोगावच्या लसीकरणाचे वार ठरलेले, गरोदर बायांची तपासणी, बाळंतपणं, ऑनलाइन नोंदी, आणि यातच शाळा. १० आणि १६ वर्षांच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची टीडी द्यायची असते. २०१९ पर्यंत नुसत्या धनुर्वाताची टीटी होती, तिच्या जागी ही आली. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर तर पहिलीत गेल्यावर हमखास राहून जातो, कारण अंगणवाडीच्या यादीतून नाव निघालेलं असतं आणि शाळेच्या यादीत अजून कोणी शोधलेलं नसतं.

एका आश्रमशाळेतला दिवस सांगते. पोरं १४० आणि टोचायला मी एकटी. सकाळी केंद्रावरून लस घेतली. आइसपॅक कानाशी हलवून आत पाणी वाजतं का ते ऐकल्याशिवाय मी लस कधी ठेवली नाही. टीडी गोठली की वाया गेली, आणि कडक बर्फाला चिकटली की ती गोठते. शाळेत पोचायला साडेअकरा झाले. नाव विचारायचं, जेवलीस का विचारायचं, ताप आहे का बघायचं, अर्धा मिलि भरायचं, दंडात टोचायचं, सुई हब कटरमध्ये कापायची, रजिस्टरवर टिक करायची, कोणती लस दिली आणि काय त्रास होऊ शकतो ते सांगायचं, अर्धा तास बसवून ठेवायचं. सगळं मीच. साठाव्या-पासष्टाव्या पोरीनंतर रांगेतली एक मुलगी भिंतीला टेकत खाली बसली. घाबरून चक्कर आली होती, दुसरं काही नव्हतं. पण मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवून तिच्याकडे धावले. तिला आडवं करून पाय वर घेईपर्यंत टेबलावरची उघडी बाटली आणि टोचून बसलेली पंधरा-वीस पोरं यांच्याकडे बघणारं कोणीही नव्हतं. त्यातल्या एखाद्याला खरी रिॲक्शन आली असती तर? आजही आठवलं की घशाला कोरड पडते.

त्या दिवशी ३१ मुली राहिल्या. अंधाराच्या आत लस केंद्रावर परत न्यायची होती. पुढची तारीख मिळायला दीड महिना लागला, तोवर दिवाळीची सुट्टी लागून पोरी घरी गेल्या होत्या. त्यातल्या एकीला भात कापताना विळा लागला. बाप तिला मोटारसायकलवर मागे बसवून २२ किलोमीटर घेऊन आला, ओढणीनं बांधलेला हात छातीशी धरलेली ती पोर मला दारात दिसली. मी जखम धुतली, टीडी दिली. जी आधीच तिच्या दंडात जायला हवी होती तीच.

हे होऊ शकतं की नाही, हा प्रश्नच आता उरलेला नाही. कोविडच्या लसीकरणासाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं ज्या सूचना काढल्या, त्यात टोचणाऱ्यांमध्ये डॉक्टर, दंतवैद्य, स्टाफ नर्स, फार्मासिस्ट, एएनएम म्हणजे आम्ही आरोग्यसेविका, सगळे होते. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वर्षांच्या मुलांना लस सुरू झाली तेव्हा आमच्याकडच्या एका शाळेत तीन टेबलं लागली. एका टेबलावर फार्मासिस्ट होते. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता, हे मी तेव्हाच त्यांना सांगितलं. त्या दिवशी निरीक्षणाच्या खोलीत बसायला मी मोकळी होते, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी प्रत्येक पोराचा चेहरा पाहिला.

दरवर्षी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते. २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक सिस्टर. वजन, उंची, दात, डोळे, हृदय सगळं तपासतात, फार चांगलं काम आहे. पण माझ्या नोकरीभर आमच्या शाळांत ‘टीडी बाकी’ असं कार्डावर लिहून गाडी पुढच्या शाळेला जायची. एवढी शिकलेली माणसं दारात येतात, तर शीतपेटी त्यांच्याबरोबरच का देऊ नये?

यावर भीती घालतात ती सुरक्षिततेची, आणि ती खोटी नाही. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजला गेला आणि १२ बालकांना दवाखान्यात भरती करावं लागलं. म्हणून माझं म्हणणं ‘कोणीही टोचा’ असं नाही. बाटलीवरचं लेबल, मुदत आणि उष्णतादर्शक खूण वाचल्याशिवाय हात पुढे जाता कामा नये, हे अंगात भिनायला हवं. केंद्रावर सिस्टरच्या शेजारी उभं राहून २०-२५ मुलांना टोचल्यावरच शाळेत पाठवा. गंभीर रिॲक्शनवर तातडीनं द्यायच्या ॲड्रेनॅलिन इंजेक्शनचा एक डोस देण्याची मुभा आम्हा सिस्टरना अशीच प्रशिक्षण घेऊन मिळाली. आधी तीही फक्त डॉक्टरांचीच समजली जायची.

आशाताईंच्या हातात मात्र सिरिंज देऊ नका. घरोघरी जाऊन राहिलेली पोरं शोधणं हे त्यांचं काम दुसऱ्या कोणालाच जमणार नाही, आणि त्यांच्यावर आधीच नको तितकं लादलंय. शिक्षकांनाही नको. आणि आणखी माणसं टोचायला मिळाली म्हणून सिस्टरच्या रिकाम्या जागा तशाच ठेवल्या, तर या मागणीचा अर्थच उलटा होईल.

शाळा जूनमध्ये उघडतात. पटावरून पहिलीची, १० वर्षांची आणि १६ वर्षांची मुलं एका दुपारी काढता येतात. मे महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं तर भाताच्या आवणीआधी काम पुरं होईल. शिकवायला माणूस हवं असेल तर मी येईन, मानधन नको.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. अकोले, जि. अहिल्यानगर