मक्या, एचपी नको विचारूस, हेड विचार

टॅम्पा, २ मे

प्रिय मक्या,

मोजमापं मिळाली. न्यू जर्सीत एडिसनमधल्या तुझ्या घरामागे २४ फुटी गोल पूल, त्यात ४ फूट पाणी आणि ते तापवायला छतावर सोलर पॅनेल चढवायचा बेत. आणि त्यावर तुझा प्रश्न : "दीड एचपीचा पंप घेऊ की दोनचा?" अरे, प्रश्नच चुकलाय.

पुण्यातल्या घरचा टुल्लू आठव. अर्धा एचपी, तरी वरच्या टाकीत पाणी चढवतो; धार मात्र बारीक. जमिनीवरच्या पूलबरोबर मिळणारा पंप याच्या बरोबर उलटा. पाणी धो धो, पण उंचीला दम नाही. त्याला फिल्टरपलीकडे पाणी न्यायचंच नसतं, म्हणून घडणच तशी. तेव्हा खोक्यावरचा एचपी विसर आणि पंपाचा कर्व्ह, म्हणजे आलेख बघ : किती फूट हेडला मिनिटाला किती गॅलन. हेड म्हणजे पाणी चढवायची उंची, अधिक वाटेतला अडथळा, तोही फुटांतच मोजलेला.

आधी गॅलन ठरवू. तुझ्या पूलचा पृष्ठभाग साधारण ४५० चौरस फूट. काळ्या प्लास्टिकची ४ बाय २० फुटी तीन पॅनेल म्हणजे २४० चौरस फूट, निम्म्याहून थोडं जास्त. न्यू जर्सीच्या उन्हाला चौथं असतं तर बरं, पण गॅरेजच्या छपरावर तीनच बसतील. दर १० चौरस फुटांना मिनिटाला १ गॅलन या हिशोबाने २४ गॅलन झाले.

आता उंची. पंपाला पाणी चढवायचंय ते पूलच्या पाण्यापासून पॅनेलच्या वरच्या कडेपर्यंत, जमिनीपासून नव्हे. गॅरेजवर ते ११ फूट भरतात, दुमजली मुख्य छपरावर २२. त्यात अडथळा मिळव : वाळूचा फिल्टर थोडा मळल्यावर १० फूट, दीड इंची पाइप आणि एल्बो (वळणं) मिळून ६-७ फूट, पॅनेल २. गॅरेजसाठी ३० फूट धर, मुख्य छपरासाठी ४० च्या वर. दक्षिणेकडचं ऊन दोन्हीकडे सारखंच मिळत असेल तर गॅरेजच घे, वादच नको. म्हणजे आपल्याला हवाय ३० फुटांवर २४ गॅलन देणारा पंप. पाण्याला प्रत्यक्ष लागणारी ताकद एचपीच्या पाचव्या हिश्शाइतकीही नाही, बघ.

नवा घेण्याआधी आहे तोच तपास. फिल्टर धुऊन घे, पंप चालू कर आणि फिल्टरनंतरचा व्हॉल्व्ह ५-१० सेकंद पूर्ण बंद कर. होजचे क्लॅम्प आधी आवळून ठेव, नाहीतर अंघोळ होईल. फिल्टरच्या गेजवरचा दाबाचा आकडा (पीएसआयमध्ये) गुणिले २.३१, हे झालं तुझ्या पंपाचं शट-ऑफ हेड, म्हणजे जिथे पाणी सरकायचंच थांबतं ती उंची. १२ पीएसआय दाखवलं तर जेमतेम २८ फूट. तो पंप बाद. २० च्या आसपास असेल तर ४६ फूट, मग ३० फुटांवर काय देतो ते कर्व्हवर बघ.

बाद निघाला तर मध्यम हेडचा पाऊण एचपीचा पंप बहुधा पुरेल. दोन एचपीचा मोह टाळ. दीड इंची पाइपात २४ ऐवजी ६० गॅलन ढकललेस की घर्षण पाचपटीवर जातं, छोट्या फिल्टरमधून घाण परत पूलमध्ये येते आणि वीजबिल येतं ते वेगळंच. आणि हो, पंप जमिनीवर, पाण्याच्या पातळीखालीच बसव. स्वस्तातले बरेचसे पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत.

व्हेरिएबल स्पीड, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारा पंप घेणार असशील तर एक गोम आहे. वेग निम्मा केला की हेड पाव होतं. पूर्ण वेगाला ६० फूट देणारा पंप अर्ध्या वेगाला १५ वर येतो, पाणी छपरापर्यंत पोचतही नाही. म्हणून सुरुवातीची काही मिनिटं पूर्ण वेग. पॅनेल भरली आणि उतरता पाइप पाणी खेचू लागला की वेग हळूहळू उतरव. पूलमध्ये बुडबुडे दिसू लागले की एक पायरी वर ये आणि तिथेच ठेव.

त्या बुडबुड्यांचं कारण सांगतो, कारण पंप बदलणाऱ्या बऱ्याच लोकांचा पंप चांगलाच असतो. पॅनेलच्या वरच्या टोकाला व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह लागतो. पंप थांबला की तो हवा आत घेतो आणि पाणी खाली उतरतं. तो नसेल तर आत निर्वात होतो आणि मऊ होज चपट्या होतात. पण पंप चालू असताना तिथला दाब शून्याखाली गेला, तर तोच व्हॉल्व्ह सतत हवा ओढतो. उपाय : परतीचा व्हॉल्व्ह किंचित आवळ, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह चढत्या पाइपवर खाली, जिथे दाब असतो तिथे घे. फिल्टरनंतर चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) विसरू नकोस. नाहीतर पंप थांबला की छपरावरचं पाणी उलटं फिल्टरमधून येतं आणि वाळूतला गाळ स्किमरमधून, म्हणजे पंप पूलमधून पाणी ओढतो त्या तोंडातून, पूलमध्ये. चढत्या पाइपच्या तळाशी एक ड्रेन कॉकही ठेव. थंडीआधी सगळं रिकामं करावं लागेल.

आई-बाबांबरोबर पंप मागवायचा विचार सोड. भारतातली मोटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची, तुझ्याकडे ६०. शिवाय बिडाच्या पंपाला क्लोरिनचं पाणी मानवत नाही.

जोडणी झाल्यावर परतीची होज पूलच्या पाण्याच्या पातळीला ५ गॅलनच्या बादलीत धर. १२-१३ सेकंदांत भरली तर जमलं. मग भर उन्हात पॅनेलला हात लाव : ते गार लागलं पाहिजे. परत येणारं पाणी फक्त ३-४ अंश फॅरनहाइटने गरम असेल आणि तुला वाटेल की काही होतच नाहीये. म्हणून प्रवाह कमी करू नकोस. पाणी जास्त गरम लागेल खरं, पण तापलेलं पॅनेल तीच उष्णता वाऱ्याला देऊन टाकतं. रात्री पूलवर कव्हर मात्र हवंच. बाष्पीभवनात जातं तेवढं दुसऱ्या कशात जात नाही.

शनिवारी गेजचा आकडा आणि फिल्टरवरच्या लेबलचा फोटो पाठव, मग कर्व्ह समोर ठेवून मॉडेल ठरवू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या