चहापेक्षा ‘फंड’ राखायला हवा

महोदय,

म्हातारपणासाठी पैसे साठवायचे असतील तर चहा-पान आणि हॉटेलचा खर्च आवरा, असा सल्ला हल्ली सर्रास ऐकू येतो. त्यातला हिशेब खोटा नाही. दहा रुपयांचे दोन चहा रोज घेतले तर महिन्याचे 600 रुपये होतात, आणि तिसाव्या वर्षी अटल पेन्शन योजनेत नाव नोंदवणाऱ्याला साठीनंतर दरमहा 5,000 रुपये मिळण्यासाठी महिना 577 रुपयेच भरावे लागतात. परंतु बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्याचा चहा ही चैन नव्हे. अनेकदा ते त्याचे अर्धे जेवणच असते. शिवाय महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर तीस वर्षांनंतरच्या त्या 5,000 रुपयांत आजच्या जेमतेम 870 रुपयांचा बाजार होईल.

मी सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात 24 वर्षे पगारपत्रके लिहिली. कामगाराची पुंजी टपरीवर नव्हे, तर कारखाना बदलताना संपते, हे मी त्या टेबलामागून पाहिले. ‘आधी माझा फंड (म्हणजे भविष्य निर्वाह निधी) काढून द्या’ असे म्हणत येणाऱ्यांची कारणे खरीच असत : मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, सावकाराचे देणे. मात्र फंडाबरोबर पेन्शनच्या खात्यातील रक्कमही काढली की तेवढ्या वर्षांची सेवा पेन्शनच्या हिशेबातून पुसली जाते, हे सही करणाऱ्याला कोणी सांगत नसे. (पहिली काही वर्षे मीही सांगितले नाही, अर्ज लवकर निकाली काढला की आपले काम झाले, अशी माझी समजूत होती.)

कर्मचारी पेन्शन योजना, 1995 नुसार निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. एका कारखान्यात आठ आणि दुसऱ्यात सहा वर्षे काम केलेल्या, शेवटी 14,000 रुपये पगार असलेल्या कामगाराने दोन्ही सेवा जोडून घेतल्या, तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून त्याला दरमहा साधारण 2,800 रुपये मिळू शकतात. दोन्ही वेळा पैसे काढून घेतले असतील, तर एक रुपयाही नाही. अडचण खरोखरच मोठी असेल, तर केवळ भविष्य निर्वाह निधीची रक्कम घ्यावी आणि पेन्शनच्या सेवेची नोंद असलेले ‘योजना प्रमाणपत्र’ मागून ते जपून ठेवावे. ही सोय आजही फार थोड्यांना ठाऊक आहे.

ज्यांचा फंडच कापला जात नाही, अशा यंत्रमाग कामगारांपुढे चाळिशीच्या आत अटल पेन्शनमध्ये नाव घालण्याचा मार्ग आहे. मात्र आठवड्याला पगार घेणाऱ्याच्या खात्यात हप्ता कापण्याच्या तारखेला शिल्लक असतेच असे नाही. त्याने शनिवारच्या पगारातूनच दीडशे रुपये बँकेत टाकण्याची सवय लावावी.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातील कितीतरी कामगार घरी तेलुगू बोलतात, आणि फंडाचे अर्ज मात्र त्यांच्यापुढे इंग्रजीत येतात. नोकरी सोडल्याचे कागद ज्या टेबलावर दिले जातात, तेथे ‘पेन्शनची रक्कम काढल्यास सेवा खंडित होईल’ एवढी एक ओळ मराठीत व तेलुगूत ठळकपणे लावावी, अशी कारखानदारांना आणि कामगार संघटनांना माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेबनीस, सोलापूर