मुल्कीच्या अण्णांना, मनापासून

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या लेकीला सर्फिंग, म्हणजे बोर्डावर (लांब फळीवर) उभं राहून लाटेवरून सरकत जायला शिकवलंत. निघताना गाडी आली आणि त्याबद्दल बोलायचं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुमच्यासारखी शिकवणारी माणसं असतात हे आणखी आईबापांना कळायला हवं. आणि मराठीतच लिहिते आहे. मुंबईत नातेवाइकांच्या हॉटेलात काढलेल्या वर्षांमुळे तुम्हाला ते सहज वाचता येईल.

आम्ही घाटावरची माणसं. कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या मुल्कीचं नाव ऐकलं तेच सर्फिंगमुळे. जॅक हेबनर, म्हणजे सगळ्यांचे ‘सर्फिंग स्वामी’, यांनी २००४ साली इथे मंत्र सर्फ क्लब सुरू केला आणि देशात या खेळाची पाळंमुळं रुजली, असं वाचलं होतं. त्यामुळे गजबज असेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात कोकण रेल्वेच्या त्या लहानशा स्टेशनावर उतरलो, तर पुढे माडांच्या रांगा, शांभवी नदीचं संथ पाणी आणि सावलीत जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. रात्री जेवणं आटोपली की समुद्राखेरीज कसला आवाज नाही. माझ्या लेकीला नेमकं हेच हवं होतं.

तिची गोष्ट मी तुम्हाला आल्या आल्या सांगितली होती. लहान असताना पोहण्याच्या एका वर्गात शिक्षकांनी तिला न विचारता खोल पाण्यात ढकललं. ‘अशीच भीती जाते’ म्हणाले. त्यानंतर ती गुडघाभर पाण्यातही उतरेना. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, ‘बसू दे तिला. समुद्र कुठे पळून जातोय?’

बाकीची मुलं वाळूवर पालथी पडून उभं राहायचा सराव करत होती आणि ही लांब बसून बघत होती. मधूनमधून तुम्ही तिच्याशेजारी येऊन बसायचात. ‘चल’ एकदाही म्हणाला नाहीत. लाटा कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत, ते तिला बघायला लावलंत. दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधे पाणी सपाट आणि जरा गडद दिसत होतं. कुठून उतरशील विचारलंत, तर तिने तीच जागा दाखवली. तिथेच दिसायला शांत होतं ना! तुम्ही नारळाचं सुकं सोडण उचलून तिथे भिरकावलंत. शेजारच्या फेसात टाकलेली काटकी थोड्या वेळात किनाऱ्याला लागली. सोडण मात्र सरळ आत आत निघालं, बघता बघता ठिपक्याएवढं झालं. ‘लाटांनी आणलेलं पाणी परत जायची वाट शोधतं, ती ही वाट. सापडलीस तर तिच्याशी भांडायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करायचा, किनाऱ्याला समांतर सरकायचं. ओढ संपली की लाटांबरोबर बाहेर.’ लेकीने त्यावर तुम्हाला किती प्रश्न विचारले! इतकी वर्षं आम्ही सगळे तिला नुसतं ‘घाबरू नको’ सांगत होतो, पाण्याबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मग ती आपणहून तयार झाली आणि नेमकं त्याच सकाळी तुम्ही ‘आज नाही’ म्हणालात. अमावास्येचं उधाण, त्यात ओहोटी जोरात लागलेली. जवळच्या ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी या नद्या एकत्र समुद्राला मिळतात, तिथलं पाणी नुसतं बाहेर ओढत होतं. पैसे भरून आलेले पाहुणे कुरकुरत होते. तुम्ही सगळ्यांचे पैसे परत केलेत आणि बोर्ड पालथे घालून ठेवलेत. भर हंगामात एका दिवसाची कमाई सोडायची म्हणजे काय, हे मला कळतं, आमचंही पोट धंद्यावरच आहे. त्या दिवशी लेकीचा तुमच्यावर विश्वास बसला आणि माझाही. दुपारी तुम्ही आम्हाला कांदळवनातून होडीने फिरवून आणलंत, त्याचे वेगळे आभार.

आणि ती सकाळ. तिने लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी, स्वतः पायाला बांधली, तुम्ही फक्त ओढून पाहिलीत. बोर्ड कधी आपल्या आणि लाटेच्या मधे धरायचा नाही, पडलं तर आडवं पडायचं, वर येताना डोकं हातांनी झाकायचं, हे सगळं तिने तुम्हाला म्हणून दाखवलं. कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड धरून तुम्ही प्रत्येक लाटेला विचारत होतात, ‘ही घ्यायची?’ ती मान हलवून नको म्हणायची आणि तुम्ही लाट जाऊ द्यायचात. मग एकदाची ती म्हणाली, ‘ही!’ तेव्हा कुठे तुम्ही बोर्ड पुढे ढकललात. ती गुडघे वाकवून क्षणभर उभी राहिली, पडली आणि दोन्ही हात डोक्यावर धरून हसत वर आली. मी किनाऱ्यावर रडत होते ते तुम्ही पाहिलंत आणि न पाहिल्यासारखं केलंत. त्याचेही आभार.

अम्मांना माझा नमस्कार सांगा. पाण्यातून दमून आल्यावर त्यांनी वाढलेली उकड्या तांदळाची पेज आणि बांगड्याची पुळिमुंची, म्हणजे आंबट-तिखट कालवण, यांची सर कशाला येणार!

हे वाचून कुणी तिकडे जायचं ठरवत असेल, तर शिकणाऱ्यांनी पावसाळा सोडून जावं. तेव्हा दर्या खवळलेला असतो, १ जून ते ३१ जुलै तर मासेमारीच्या यांत्रिक होड्याही बंद असतात. ऑक्टोबरपासून पुढे लाटा नवशिक्यांच्या बेताच्या असतात. आणि शिकवणारा ‘आज नाही’ म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.

अण्णा, लेकीने इथे आल्यावर पोहण्याच्या वर्गात स्वतः जाऊन नाव घातलं. आम्ही पावसाळा संपला की येतो आहोत. पुढच्या वेळी जरा लहान, आठ फुटी बोर्ड देणार का, असं तिने विचारलंय. उत्तर मला नको, तिलाच कळवा.

तुमची,
घाटावरची ताई