निकाल नकाशावरच लागतो

संपादक महोदय,

अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या नोव्हेंबर 2026 मधील निवडणुकीवरील आपला लेख वाचला. महागाई आणि ट्रम्प यांची लोकप्रियता यांवर निकाल ठरेल, हे त्यातील मत अर्धेच पटते. 435 पैकी बहुतेक जागांचा कौल मतदानाआधी मतदारसंघांच्या नकाशावरच, म्हणजे त्यांच्या सीमा कशा आखल्या यावरच, ठरलेला असतो, याचा लेखात ओझरताही उल्लेख नाही.

एरवी मतदारसंघांची फेररचना दहा वर्षांनी, जनगणनेनंतर होते. टेक्सासने मात्र ट्रम्प यांच्या आग्रहावरून ऑगस्ट 2025 मध्येच रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढाव्यात असा नकाशा मंजूर केला. गणपूर्ती होऊ नये म्हणून डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून गेले, पण उपयोग झाला नाही. याच राज्यात ऑस्टिनपासून सॅन अँटोनिओपर्यंत महामार्गालगत चिंचोळी पट्टी कापून एक मतदारसंघ आधीच बनवलेला होता! टेक्सासच्या नव्या नकाशाला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर 2025 मध्ये सार्वमत घेऊन डेमोक्रॅटांसाठी पाच जागांची तजवीज केली. त्यासाठी स्वतंत्र नागरिक आयोगाने आखलेला नकाशा 2030 पर्यंत बाजूला ठेवला. याचे मला अधिक वाईट वाटते, कारण असे आयोग हाच या रोगावरचा खरा उपाय होता.

पक्षीय हेतूने केलेल्या फेररचनेचा निवाडा संघीय न्यायालये करू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगून टाकले आहे. तेव्हा मतदारसंघांच्या सीमा आखण्याचे काम आमदारांकडून काढून घेणारा कायदा अमेरिकी काँग्रेसनेच करायला हवा.

— एक वाचक, ठाणे