पिशाच्चकथेमागचा क्षयरोग

मा. संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील रक्तपिपासू पिशाच्चांवरील लेख वाचला. ब्रॅम स्टोकर यांची १८९७ मधील ‘ड्रॅक्युला’ कादंबरी आणि १९२२ चा जर्मन मूकपट ‘नोस्फेरातू’ यांची ओळख चांगली झाली आहे. मात्र मेलेली माणसे जिवंतांचे रक्त शोषतात, या समजुतीने खऱ्या घरांत काय घडवले, तेही त्यात यायला हवे होते.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एक्झिटर नावाच्या शेतकरी वस्तीत ब्राउन कुटुंबातील आई आणि थोरली मुलगी क्षयाने दगावल्या. १८९२ च्या जानेवारीत एकोणीस वर्षांची मर्सीही गेली आणि तिचा भाऊ एडविन खंगत चालला. मेलेल्यांपैकीच कुणीतरी त्याचे रक्त शोषत आहे, असे शेजाऱ्यांनी ठरवले आणि मार्चमध्ये तिन्ही मृतदेह बाहेर काढवले. कडाक्याच्या थंडीमुळे मर्सीचा देह कुजला नव्हता व हृदयात रक्त आढळले, एवढ्यावरून तिचे काळीज जाळून ती राख एडविनला पाण्यातून पाजण्यात आली; दोन महिन्यांत तोही गेला. हा क्षयच आहे, असे मृतदेह तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले होते. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचे जंतू १८८२ मध्येच शोधले होते, परंतु डॉक्टरांपाशी तेव्हा औषध नव्हते, आणि हताश कुटुंबाने गावाचे ऐकले.

आपल्या लोककथेतला वेताळ प्रेतात शिरतो, पण राजा विक्रमाला कोडी घालतो. त्याच्यापायी कुणाचे घर उद्ध्वस्त झाल्याचे मी ऐकलेले नाही. करणी-भानामतीचा संशय मात्र जिवंत माणसावर येतो. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे ऑगस्ट २०२१ मध्ये अशा संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भरचौकात बांधून मारहाण झाली, आणि तीही जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झालेला असताना! ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसा यांनी १७५५ मध्ये आपले वैद्य व्हान स्वीटेन यांच्या अहवालावरून पिशाच्चाच्या संशयाने प्रेते उकरण्यास मनाई केली होती, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

एडविनला न मिळालेले औषध आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. म्हणून आपणास आग्रहाची विनंती आहे की, अशा लेखांसोबत एक चौकट अवश्य छापावी : दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी, आणि अंगात रक्त कमी होऊन सांधे वारंवार दुखत असल्यास सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षक,
ता. मूल, जि. चंद्रपूर